गोरमाटी बोली (बिदर–कलबुर्गी सीमाभाग)

बंजारा, कर्नाटकात लंबाणी, समाजाची मातृभाषा. गोरबोली, लमाणी अशीही नावे. राजस्थानी गटातली बोली. 'आहे'साठी येणारा 'छ' गुजराती-जयपुरीशी नाते सांगतो. औराद, बसवकल्याण, आळंद, चिंचोळी, चितापूर या तालुक्यांतल्या तांड्यांवर ती बोलली जाते. तांड्यावरची माणसे बाजारात कन्नड, मराठी, दखनी यांतले जे लागेल ते बोलतात. गावातल्यांना गोरमाटी क्वचितच येते.

बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणारी लदेणी रेल्वे आणि सडकांनी संपवली. तांडे स्थिरावले, तेही गावाबाहेर. हे वेगळेपण माणसांना जाचक ठरले, पण बोली त्यामुळेच टिकली असे मानायला जागा आहे. तिचे खरे भांडार बायकांकडे आहे: तीजेची गाणी आणि सासरी निघालेल्या नवरीचे ढावलो. होळीची लेंगी सारा तांडा गातो. रोनाल्ड ट्रेल यांचे लमाणी व्याकरण १९७० साली आले.

२०११च्या जनगणनेत देशभर ३२ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा लमाणी/लंबाडी नोंदवली. बंजारी नोंदवणारे वेगळेच. ही सगळी संख्या हिंदीच्या खाती जमा होते, हा अन्याय आहे. भाषेला एक लिपीही नाही: कर्नाटकात कन्नड, महाराष्ट्रात देवनागरी, तेलंगणात तेलुगू. त्यामुळे कलबुर्गीत छापलेले गोरमाटी पुस्तक नांदेडच्या तांड्यावर वाचता येत नाही. समाजाचा दर्जाही राज्याबरोबर बदलतो: कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. घटनेच्या आठव्या अनुसूचीत भाषेच्या समावेशाची मागणी जुनी आहे.

भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचे कलम ३५०-क (१९५६) सांगते. तांड्यावरचे मूल मात्र पहिलीपासून कन्नड किंवा मराठी शाळेत बसते. आईबाप बांधकामावर मुंबई-पुण्याला गेले की हे शिक्षणही तुटते. अमेरिका-कॅनडा सीमेने दुभंगलेल्या मोहॉक या मूलनिवासी लोकांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. त्यांचे भाषक अवघे काही हजार, तरी १९७९मध्ये अॅक्वेसास्ने या त्यांच्या वस्तीतल्या पालकांनी स्वतःची शाळा काढली आणि पुढे ती पूर्ण मोहॉकमधून चालवली. गोरमाटीपाशी माणसे लाखांनी आहेत, अशी शाळा नाही.

तांड्यांना मान्यता मात्र मिळू लागली आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेड येथे तांड्यांतल्या ५० हजारांहून अधिक कुटुंबांना घरजागेचे हक्कपत्र देण्यात आले. बिदर-कलबुर्गीसह पाच जिल्ह्यांतल्या वस्त्या महसुली गावे झाल्या. घरजागेनंतर आता भाषेची पाळी: अंगणवाडीत गोरमाटी बोलणारी ताई नेमणे ही यापुढची सर्वांत स्वस्त आणि निकडीची पायरी आहे.