नाव हिंदुस्थानचे, घोट साहेबाचा

पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच ब्रू-पबांत मेनूकार्डावर आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, या नावाखाली एक गोष्ट छापलेली असते. विलायतेहून हिंदुस्थानात येईपर्यंत बिअर जहाजातच नासायची. मग लंडनच्या हॉजसन नावाच्या एका डोकेबाज माणसाने बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स आणि अल्कोहोल दोन्ही वाढवून प्रवासात टिकेल अशी बिअर काढली आणि इथल्या साहेबाची तहान भागली. गोष्ट आटोपशीर आहे, पहिल्या घोटाबरोबर सहज पचते. त्यातला हॉजसन तेवढा खरा.

जॉर्ज हॉजसनने 1752 साली लंडनच्या पूर्वेला बो इथे बिअर गाळायला सुरुवात केली. त्याची ब्रुअरी ली नदीच्या काठी होती आणि तिथून थोडे खाली गेले की ब्लॅकवॉल, जिथे ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे माल भरत. कंपनीच्या कप्तानांना आणि अधिकाऱ्यांना जहाजात काही जागा स्वतःच्या धंद्यासाठी मिळायची. हिंदुस्थानात उतरल्यावर चढ्या भावाने खपेल असा माल ते तिथे भरत: हॅम, चीज, काचसामान, टोप्या, आणि बिअर. या कप्तानांना हॉजसन दोन कारणांनी परवडायचा. एक म्हणजे तो जवळ होता, आणि दुसरे म्हणजे तो वर्ष-दीड वर्ष उधारीवर माल द्यायचा. जहाज जाऊन परत आले, हिशेब झाला की पैसे. एवढ्या उधारीपुढे चवीची चर्चा कोण करणार?

शिवाय बिअर नासायची हेही पूर्ण खरे नाही. काळीभोर पोर्टर बिअर हिंदुस्थानात सुखरूप पोचत होती आणि गोरे शिपाई ती पीत होते. त्यांच्यासाठी पुढेही पेल एलपेक्षा पोर्टरच जास्त आली. गरम मुलखात पाठवायच्या बिअरला हॉप्स जास्त घालावेत, हा सल्लाही काही हॉजसनचा शोध नव्हता. या सगळ्या दंतकथा ज्याने जुन्या जाहिराती आणि वह्या चाळून उलगडल्या तो ब्रिटिश इतिहासकार मार्टिन कॉर्नेल. हॉजसनने पाठवली ती इंग्लिश जमीनदारांच्या तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरवली जाणारी ‘ऑक्टोबर बिअर’ किंवा तिची जवळची बहीण असावी, असे तो सांगतो. अल्कोहोल सहा-सात टक्क्यांच्या आसपास. त्या काळच्या मानाने ती फार कडक नव्हतीच.

खरी करामत समुद्राने केली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला चार ते सहा महिने लागत. पिंप दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. कधी अटलांटिकचा उकाडा, कधी केपची थंडी, आणि पुन्हा उकाडा. सतत हेलकावे ते वेगळेच. तळघरात जी बिअर वर्षा-दोन वर्षांत मुरायची ती जहाजाच्या पोटात काही महिन्यांत तयार व्हायची. कडवटपणाची धार बोथट व्हायची, वायू भरायचा, रंग स्वच्छ दिसायचा. ठरवून कोणी हे केले नव्हते. आलेला माल चांगला लागला, म्हणून पुन्हा मागवला.

मुंबईच्या धक्क्यावर ती उतरायची ती हॉग्सहेडमध्ये, म्हणजे सुमारे 245 लिटरच्या लाकडी पिंपात, किंवा पेट्यांतल्या बाटल्यांत. पिंपातली बिअर इथे बाटल्यांत भरायची तर बाटल्या हव्यात, आणि काच येणार विलायतेहूनच. त्यामुळे साहेबाच्या टेबलावरून उठलेल्या रिकाम्या बाटलीलाही भाव होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांचे सासरे फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला याच रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यातले, आणि कोवळ्या वयात आईवडील गमावलेल्या जमशेटजींनीही धंद्याचे पहिले धडे तिथेच गिरवले. पुढे चीनच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा केला, पण ‘बाटलीवाला’ ही ओळख त्यांनाही काही काळ चिकटून होती. बिअरच्या इतिहासात दारू पिणाऱ्यांची नावे खूप येतात. बाटल्या गोळा करून धुणाऱ्यांची येत नाहीत, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

आता प्रश्न उरतो गारव्याचा. मे महिन्यात मुंबईत कोमट बिअर पिणे म्हणजे शिक्षाच. बर्फ नव्हता तेव्हा हे काम आबदाराकडे असे. मराठी दरबारांना आबदारखाना काही नवा नव्हता. पाण्याची आणि पेयांची सगळी व्यवस्था तिथे व्हायची. साहेबाच्या घरचा आबदार पसरट भांड्यात पाणी घ्यायचा, त्यात सोरा टाकायचा आणि लांब मानेची बाटली त्या पाण्यात हळूहळू फिरवत बसायचा. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, पाणी झपाट्याने गार होते आणि त्याबरोबर बाटलीही. नंतर ते पाणी आटवले की सोरा पुन्हा हाती लागतो, दुसऱ्या दिवशीच्या कामाला. हात किती वेळ फिरवायचा, सोरा किती टाकायचा, बाटली केव्हा काढायची, हे ज्याला जमले त्या आबदाराला चांगल्या घरांत मागणी असायची.

1834 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून मुंबईला आला आणि आबदाराच्या कसबाची किंमत उतरू लागली. गोदीजवळ बर्फघर उभे राहिले. जमशेटजींनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि त्यानंतर यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, हा किस्सा याच दशकातला. बिअर पिणाऱ्यांना सर्दी झाल्याची बातमी मात्र कुठे आलेली दिसत नाही.

तोवर हॉजसनचे तारे फिरले होते. त्याच्या वारसांनी 1820 च्या सुमारास उधारी बंद केली, कप्तानांना वगळून स्वतःच माल पाठवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या कोणाची बिअर आली की बाजारात स्वस्त माल ओतून त्याला बुडवायचे, मग भाव चढवायचे, असा खेळ मांडला. कंपनीचे लोक चिडले. 1822 मध्ये कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटचा ब्रुअर सॅम्युअल ऑलसॉप याला जेवायला बोलावले. ऑलसॉपला नव्या बाजाराची गरज होतीच, कारण रशियाने बिअरवर जबर जकात लावून बर्टनचा बाल्टिककडचा धंदा मोडला होता. हॉजसनची बाटली नमुना म्हणून ऑलसॉपचा कसबी जॉब गुडहेड याच्यापुढे ठेवली गेली. गोड, दाट बिअरची सवय असलेल्या गुडहेडला तो कडवटपणा सहन झाला नाही म्हणतात, पण तशी बिअर काढून दाखवतो असे तो म्हणाला आणि पहिला नमुना त्याने चक्क चहाच्या किटलीत उकळला. किटलीची कथा किती खरी, कोण जाणे. पण त्यानंतर जे झाले ते पक्के आहे.

बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून येते. त्यातल्या कॅल्शियम सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, कोरडा लागतो आणि बिअर निवळते. लंडनच्या पाण्यात ती खुबी नव्हती. ऑलसॉपमागून बर्टनचाच बास आला, आणि 1830 च्या दशकात बासने हॉजसनला मागे टाकले. बासचा लाल त्रिकोण हा 1876 मध्ये ब्रिटनमध्ये नोंदला गेलेला पहिला ट्रेडमार्क. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधी जाहिरातींत दिसू लागते, 1829 मध्ये सिडनीत आणि 1835 मध्ये लिव्हरपूलमध्ये. बिअरला बारशाचे नाव मिळाले ते हिंदुस्थानाबाहेरच.

आणि या सगळ्यात इथला माणूस काय पीत होता? कोकणपट्टीत ताडी आणि माडी, आत डोंगरांत मोहाची. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने याच पेयांवर सरकारचा हात घट्ट आवळला. भंडाऱ्यांच्या माडांवर कर बसला, मोहाच्या घरगुती भट्ट्या गुन्हा ठरल्या. बाटलीबंद विलायती बिअर क्लबात आणि लष्करी मेसमध्ये फसफसत होती. तिच्या नावातल्या ‘इंडिया’चा इथल्या जिभेशी संबंध नव्हता.

हिंदुस्थानातच बिअर गाळायची तर थंडी हवी, म्हणून ब्रुअऱ्या डोंगरांत निघाल्या. एडवर्ड डायरने 1855 मध्ये कसौलीला सुरू केलेली ब्रुअरी पुढे सोलनच्या झऱ्यांकडे हलली आणि तिथली ‘लायन’ बिअर गाजली. जालियनवाला बागेत गोळीबार करणारा जनरल डायर हा याच एडवर्डचा मुलगा. 1949 मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी ती कंपनी घेतली. आज ती मोहन मीकिन म्हणून, आणि त्याहून जास्त ओल्ड मंक रमसाठी, ओळखली जाते.

मुंबईत मात्र नेमक्या त्याच वर्षी दारूबंदीचा कायदा झाला आणि एप्रिल 1950 पासून पूर्ण दारूबंदी लागू झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘आरोग्य परवाना’ काढायचा आणि मग ठरलेला कोटा मिळवायचा. जो परवाना काढू शकला नाही तो चोरून दारू विकणाऱ्या ‘आंटी’च्या अड्ड्यावर गेला. अड्ड्यावर बिअर परवडणारी नव्हती: ती जागा खाते, फेस करते, पोलिसांची चाहूल लागली तर पटकन लपवता येत नाही. हातभट्टीच्या पावशेरात काम भागत असताना बिअरसाठी जोखीम कोण घेणार? साठच्या दशकात बंदी सैल झाली, परमिट रूम आले, आणि बिअर परतली ती हलक्या, गार, फारशी चव नसलेल्या लागर रूपात. मग बऱ्याच राज्यांत कर अल्कोहोलवर नाही तर लिटरवर असल्याने ‘स्ट्राँग’चे राज्य आले. त्याच पैशांत जास्त किक मिळत असेल तर गिऱ्हाईक हॉप्सचा सुगंध विचारत नाही.

तिकडे इंग्लंडातही महायुद्धांच्या करांनी आयपीएची रया गेली. साडेतीन टक्क्यांच्या आसपासची पाणचट बिअरही त्याच नावाने विकली जाऊ लागली. तिला पुन्हा जिवंत केले अमेरिकेने. 1972 मध्ये ओरेगॉनमध्ये कॅस्केड नावाची हॉप्सची जात बाजारात आली. इंग्लिश हॉप्सना मातीचा, गवताचा वास. कॅस्केडला मोसंबीच्या सालीचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने 1975 मध्ये आणि सिएरा नेवाडाने 1980 मध्ये या हॉप्सवर बिअर काढल्या. 1978 मध्ये घरी बिअर करण्याला तिथल्या केंद्र सरकारने मोकळीक दिल्यावर गॅरेजमध्ये प्रयोग करणाऱ्यांची फौजच उभी राहिली.

पुण्यात 2009 मध्ये ‘डूलाली’ हा ब्रू-पब सुरू झाला, सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांचा. नाव देवळालीवरून: मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत कंटाळून भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या शिपायांना ‘डूलाली’ म्हणत. त्यानंतर मुंबईत गेटवे, पुण्यात इंडिपेन्डन्स आणि एफिनगट अशी नावे वाढत गेली, आणि त्यांच्या नळांतून आयपीए वाहू लागली ती अमेरिकन वळणाची. बर्टनच्या विहिरींचे गुण आता पोत्यातून येतात. पाणी गाळून त्यात हवे तेवढे जिप्सम टाकले की झाले. हॉप्स बहुतेक परदेशातून येतात.

चवीच्या बाबतीत मात्र सगळेच उलटे झाले आहे. जुनी आयपीए मुरल्यावर चांगली लागे. नवी ताजीच प्यावी लागते, कारण मोसंबीचा तो वास काही आठवड्यांत विरतो. 2001 मध्ये आयातीवरचे निर्बंध उठल्यापासून विलायती आणि अमेरिकन बाटल्या वाइन शॉपच्या फडताळावर दिसतात. सीमाशुल्क जबर, वर राज्याचा कर. समुद्रात काही आठवडे, मग बंदरावर, मग गोदामात, मग दुकानाच्या उकाड्यात. पाच-सहाशे रुपये मोजून उघडलेल्या अशा बाटलीत पुष्कळदा ओल्या पुठ्ठ्याची चव आणि उगीच गोडसर कडूपणा उरतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक लेबलावरचे चित्र न बघता आधी बाटली भरल्याची तारीख बघते.

ब्रू-पबच्या नळावरची आयपीए त्या मानाने भाग्यवान, टाकीपासून ग्लासापर्यंत तिला काही पावलेच चालायचे असते. तरीही तिथे जास्त खप आहे तो गव्हाच्या बिअरचा, केळ्याचा आणि लवंगेचा वास असलेल्या हेफेवायझनचा किंवा संत्र्याची साल आणि धणे घातलेल्या बेल्जियन विटचा. कोकम आणि हापूस घातलेल्या बिअरही पुण्यात निघाल्या आणि आवडल्या. आयपीएचा छोटा नमुना चाखून ‘फारच कडू आहे’ म्हणत ग्लास परत सरकवणारे गिऱ्हाईक वेटरला नवे नाही. तो मुकाट्याने गव्हाची आणून ठेवतो.