धने, संत्र्याची साल आणि कौटिल्य

मंडळी, निवृत्त मास्तराने दारूवर लिहावे का, असा प्रश्न आमच्या घरातच दोघा-तिघांना पडेल. मी स्वतः घेत नाही, तेव्हा हा लेख निव्वळ चहाच्या जोरावर लिहिला आहे. पण इतिहासाला सोवळे नसते.

निमित्त भाच्याचे. तो इंग्लंडात असतो. तिकडे घरी बिअर करण्याचा तयार संच मिळतो. डब्यात माल्टचा काकवीसारखा घट्ट अर्क असतो, कडवटपणासाठी हॉप्स त्यात आधीच घातलेले असतात, सोबत यीस्टची पुडी. पाणी आणि साखर मिसळून बादलीत आंबवायचे, की झाले. भाच्याला त्यात धने, वेलदोडे, संत्र्याची साल घालायची हुक्की आली. त्याने विचारले, "मामा, ही भेसळ तर नाही ना?"

भेसळ कसली? युरोपात हॉप्स सर्वत्र रुळण्यापूर्वी बिअरला रानटी झाडपाल्याचे मिश्रण लावत. त्याला 'ग्रुट' म्हणत. गंमत अशी, की अनेक ठिकाणी ते विकण्याचा हक्क राजाकडे, बिशपकडे किंवा नगराकडे असे. म्हणजे चवीवरच कर! पुढे बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघाले, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच असावे. शेजारच्या बेल्जियमने मात्र मसाला सोडला नाही. होगार्डन गावची धने आणि संत्र्याची साल घातलेली गव्हाची बिअर बंद पडली होती, ती पिअर सेलिस नावाच्या माणसाने १९६० च्या दशकात पुन्हा सुरू केली. तेव्हा भाच्याची कल्पना नवी नाही.

आणि आपल्याकडे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षावर एक प्रकरणच आहे. (प्रा. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० साली काढली, जिज्ञासूंनी पाहावी.) मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार तिथे मापांसकट दिले आहेत. आसवात कवठ, मैरेयात पिंपळी आणि मिरी, शिवाय आंब्याच्या रसाची सुरा! वरून घालायच्या मसाल्याला 'संभार' हा शब्द आहे.

मला खरे महत्त्वाचे वाटते ते पुढचे. सुरा हे राजाच्या उत्पन्नाचे खाते, तरीही गृहस्थाला घरच्या कार्यासाठी आणि औषधासाठी ती करण्याची मुभा दिली आहे. उत्सव-यात्रांना चार दिवसांची सवलत आहे. म्हणजे मसाल्याचा वाद नव्हताच. घरात आंबवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न होता.

आयुर्वेदातली आसवे-अरिष्टे याच घराण्यातली. धायटीच्या फुलांनी ती आंबतात आणि दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर अशा सुगंधी चूर्णांना 'प्रक्षेप' म्हणतात. भाच्याला मी एवढेच सांगितले, की जोरात आंबताना निघणारा वायू सुगंधही घेऊन जातो, म्हणून मसाल्याचा काढा उकळून, गार करून, पहिला उसळा बसल्यावर घाल. आणि फळाचा रस बाटलीत भरताना घालू नकोस. त्यातली साखर बंद बाटलीत आंबली, तर बाटली फुटते.

आता आपल्या परभणीकडे येतो. निजामाच्या राज्यात शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडके बांधत. पहाटेचा गोड रस दिवस चढेल तसा आंबून चढणारा होई. झाड आपल्या बांधावर असले तरी हक्क आबकारी खात्याचा. त्याचे लिलाव होत आणि तिजोरी भरे. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रमही आला. कुऱ्हाड झाडावर पडे, पण घाव निजामाच्या उत्पन्नावर असे. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना ही गोष्ट क्वचितच कोणी मुलांना सांगतो.

इंग्लंडातही घरी बिअर करायला १८८० पासून परवाना लागे. तो १९६३ साली रद्द झाला. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी दारू करणे आजही गुन्हा आहे. त्यामागे उजाड झालेल्या संसारांची कारणे आहेत. मास्तरकीच्या काळात तसली घरे मीही पाहिली, त्यामुळे त्या कायद्याला मी हसत नाही. पण भाच्याची बादली आणि आपल्या आजोबांची कुऱ्हाड एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे ध्यानात राहावे.

असो. शिंदीची झाडे तोडणारी पिढी आता जवळजवळ संपली. तुमच्या घरी कोणी त्या दिवसांबद्दल काही सांगितले असेल, तर ऐकीव का होईना, जरूर लिहून कळवा.