पोफळीचं चाक आणि कड्याची उंची

टर्बाइन म्हटलं की आपण आधी कारखान्याकडे बघतो. भोपाळला १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स निघाली, आपल्या देशात अशी अवजड यंत्रं घडू लागली, हे खरंच. पण टर्बाइन कसलं बसवायचं हे ठरवतो डोंगर. म्हणून आज आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोफळीकडे बघू.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कराडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी जातं पूर्वेच्या समुद्राला. पश्चिमेचा समुद्र हाताशी, मध्ये फक्त सह्याद्रीचा कडा. इंजिनिअरांनी बोगद्यानं पाणी वळवून ते कड्याखाली पोफळीला सोडलं. १९६२ मध्ये वीज सुरू झाली. पाण्याला साडेचारशे मीटरांहून जास्त उंची मिळते. झोत ताशी तीनशे किलोमीटरांच्या पुढच्या वेगानं सुटतो. अशा ठिकाणी पेल्टनचं चाक लागतं. परिघावर जोडवाट्या, त्यात झोत आदळतो, दोन्हीकडे वळतो, आणि आपला जोर चाकाला देऊन निथळून पडतो. पेल्टन हा कॅलिफोर्नियातल्या खाणींत काम करणारा माणूस. पेटंट १८८० चं. खाली अलोरेला तेच पाणी कोळकेवाडी धरणातून पुन्हा वापरतात. तिथे उंची बरीच कमी, म्हणून फ्रान्सिस जातीचं टर्बाइन. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला शिवसागर जलाशयाला तळातून भोक पाडलं, जलाशय रिकामा न करता! सगळे टप्पे धरून क्षमता १९६० मेगावॅट.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला छळणारा प्रश्न. आपण इथे विकतो काय? पाणी तर चाकातून जसंच्या तसं बाहेर येतं. विकली जाते उंची. मग ती कुणाची? धरणात गावं बुडाली ती घाटावरची, त्यांचं पुनर्वसन पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलं. पाणी कृष्णा खोऱ्याचं. बच्छावत लवादानं पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. कोकणाच्या वाट्याला आलं वापरून झालेलं पाणी. ते वाशिष्ठीतून खाडीला जातं, आणि त्याच चिपळूण तालुक्यातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. कारण साधं आहे, आणि आम्हांला तरी ते लाजिरवाणं वाटतं: वाड्या वर आहेत, पाणी खाली. उंची उतरताना पैसे मिळतात, चढवताना मोजावे लागतात.

उन्हाळ्यात वाशिष्ठी भरलेली दिसते ती बरीचशी या वीजघरांमुळे. यंत्रं थांबली की चिपळूणला नदीची पातळी उतरते.