कॅमेऱ्यामागचे डोळे

हीरक महोत्सवाच्या या अंकासाठी आलेली जुनी छायाचित्रे चाळत असता एक गोष्ट ध्यानी आली. पटांगणावरील बहुतेक समूहचित्रांत मुलांनी उन्हाने डोळे बारीक केले आहेत. जुन्या फिल्मला भरपूर उजेड लागे, म्हणून उतईच्या उन्हात सूर्याकडे तोंड करून उभे राहणे भाग होते. छायाचित्रकाराने काय सोसले ते मात्र कळत नाही; तो एकाही चित्रात नाही.

या कलेपायी शरीर झिजविणाऱ्यांत धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे स्मरण प्रथम होते. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. बडोद्यास पुन्हा जम बसवू पाहिला, तर कॅमेरा अंगातील शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी वदंता शहरभर पसरली. गिऱ्हाईक येईना. (आज हसू येते, परंतु प्लेगच्या त्या काळात मृत्यूचे भय खरेच होते.) धास्ती कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्यांना होती. झीज व्हायची होती ती कॅमेऱ्यामागच्या माणसाची.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि फाळक्यांना चलच्चित्रांचा ध्यास लागला. दररोज तासन्‌तास चित्रपट पाहणे, उरलेला वेळ प्रयोगांत, झोप नावापुरती. अखेर दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली, तेव्हा विश्रांती घेण्याऐवजी त्यांनी पुन्हा भिंगालाच डोळा लावला!

त्यानंतरचा एक प्रयोग मला विशेष प्रिय आहे. कुंडीत वाटाणा पेरून, समोर कॅमेरा रोवून, महिनाभर थोडे थोडे चित्रण करून त्यांनी अंकुराची वाढ मिनिटाभराच्या पटात आणली. न धावपळ, न धोका. एका जागी बसून रोप वाढताना पाहणे. या छंदाचे निर्भेळ सुख ते हेच असावे.

पुढे विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यामागे सरस्वतीबाईंचे कष्ट होते. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आटोपून त्या चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, नटांच्या मुखावर उजेड पडावा म्हणून. त्या काळी कोरी फिल्म कडेच्या छिद्रांविना मिळे. ती छिद्रे पाडायची तर दिवा लावून चालत नसे, फिल्म वाया जाई. रात्री घर निजल्यावर त्या मिट्ट काळोखात हाताच्या अंदाजाने ते काम करीत.