‘सैतानाची मुलं’

१९७५ साली बीबीसीने ‘द चेंजेस’ ही दहा भागांची बालमालिका दाखवली. पीटर डिकिन्सन यांच्या तीन कादंबऱ्यांवर ती बेतलेली होती. एका विचित्र आवाजाने माणसं बिथरतात आणि यंत्रं फोडू लागतात. आईवडिलांपासून दुरावलेली निकी एका शीख काफिल्याबरोबर निघते. या शिखांवर त्या आवाजाचा परिणाम होत नाही. तेवढ्यावरून गावकरी त्यांना सैतानाची मुलं ठरवतात. पण त्यांनी घडवलेलं लोखंडी सामान गावाला हवं असतं. पुढे लुटारूंच्या तावडीतून गाव सोडवायला हेच शीख धावतात.

काफिल्यातले चाचा रंगवले रफीक अन्वर यांनी. १९४६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारात वाटेकरी ठरलेल्या चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’मध्ये त्यांची प्रमुख भूमिका होती.

२०१४ साली ही मालिका डीव्हीडीवर आली आणि तेव्हाच्या मुलांना यंत्रफोडीचा थरार पुन्हा पाहता आला. आमच्या मनात मात्र तो काफिला रेंगाळतो. संशय आणि गरज एकाच उंबऱ्यावर उभे असतात, हे आम्ही जाणतो. ते शीख गावाच्या उपयोगी पडले नसते तर? माणूस म्हणून स्वीकारायला एवढी किंमत का मोजावी लागावी, हे आम्हाला विचारावंसं वाटतं.