इन्व्हर्टरचं मूळ आणि कूळ

आमच्या सांबऱ्यात वळीव आला की आधी लाईट जाते. मग कोपऱ्यातून ‘टक्’ असा आवाज होतो आणि मंदावलेला पंखा पुन्हा वेग घेतो. तो आवाज रिलेचा. खरं काम त्याच्या मागे इन्व्हर्टर करतो, बॅटरीच्या एका दिशेच्या विजेची (डीसी) दिशा बदलणारी वीज (एसी) करण्याचं, आणि त्याचं कूळ जुनं आहे.

पूर्वी डीसीची एसी करायला यंत्रच फिरवावं लागे. डीसीवर मोटर चालवायची, तिच्या दांड्याला जनरेटर जोडायचा. सांबऱ्याला विमानतळ आहे म्हणून सांगतो, जुन्या विमानांत २८ व्होल्ट डीसीपासून ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची एसी अशीच घरघरत तयार होई.

‘इन्व्हर्टर’ हे नाव डेव्हिड प्रिन्स यांच्या १९२५ च्या लेखाच्या मथळ्यात आलं. रेक्टिफायर एसीची डीसी करतो. हा त्याच्या उलट, म्हणून इन्व्हर्टर. त्याच वर्षी, ३ फेब्रुवारीला, बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली. पुढे त्याच तारेखालच्या लोकलमध्ये एसी मोटरी आल्या, त्या इन्व्हर्टरच्याच जोरावर.

फिरत्या यंत्रानंतर विजेची उघडझाप करणारे पाऱ्याचे व्हॉल्व्ह आले, १९५७ मध्ये थायरिस्टर आणि मग आपल्या डब्यातले मॉस्फेट. काम एकच: बॅटरीचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून कधी या दिशेने, कधी त्या दिशेने सोडायचा, सेकंदाला पन्नास फेऱ्या. नुसती उघडझाप केली तर चौकोनी लहर मिळते आणि पंखा गुणगुणतो. साइन वेव्हवाला तीच उघडझाप शेकडो पटींनी बारीक करतो आणि प्रत्येक झापेची लांबी कमीजास्त करून लहर गोलसर घडवतो. मला ही कारागिरी फार मोलाची वाटते.

मोठ्या इन्व्हर्टरला पहिल्यांदा बॅटरी जोडताना ठिणगी उडते, ती आतले रिकामे कपॅसिटर एकदम भरतात म्हणून. मग कंट्रोलर बॅटरीचे व्होल्ट तपासतो. कमी असतील तर चालूच होत नाही. चांगल्या यंत्रात बाहेरचा दाब हळूहळू २३० पर्यंत चढवतात. फ्रिजचा कंप्रेसर मात्र सुरू होताना नेहमीच्या कैकपट प्रवाह ओढतो, तिथे छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून थांबतो. तो बिघाड नव्हे.

याच कुळातला मोठा भाऊ पडघ्याला आहे. चंद्रपूरहून ५०० किलोव्होल्ट डीसीने आलेली वीज तिथे पुन्हा एसी होते.

घरच्या धाकट्यासाठी एवढं करा: मृग लागण्याआधी बॅटरीतलं पाणी बघा, आणि कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको.