नोटरीचा शिक्का आला कुठून?

गॅप सर्टिफिकेट असो की नाव बदलायचं ॲफिडेव्हिट, "नोटरी करून आणा" हे तुम्ही ऐकलंच असेल. पण शिक्का मारायचा हा अधिकार वकिलाला देतं कोण?

इंग्लंडमध्ये हा अधिकार मुळात पोपचा. 1533 साली, आठव्या हेन्रीच्या काळात, तो कायद्याने कँटरबरीच्या आर्चबिशपकडे गेला. गंमत म्हणजे इंग्रजी अमलात भारतातल्या नोटरींचीही नेमणूक त्याच कचेरीतून व्हायची! इथलं सरकार नोटरी नेमायचं, पण फक्त व्यापारी बिलांच्या कामापुरते. बिलाचे पैसे मिळाले नाहीत की नोटरी तशी लेखी नोंद करायचा. त्यांच्या नेमणुकीचं कलम होतं 138.

स्वातंत्र्यानंतर 1952 चा नोटरी कायदा आला, 14 फेब्रुवारी 1956 पासून लागू झाला आणि अधिकार आपल्या सरकारकडे आला. आता नोटरी व्हायला साधारण 10 वर्षं वकिली लागते, महिलांना 7. जुनं कलम 138 रद्द झालं. त्या रिकाम्या नंबरावर 1988 मध्ये काय आलं माहितीये? चेक बाउन्स!

एक लक्षात ठेवा. शिक्का म्हणजे कागदातलं सगळं खरं, असं नव्हे. 'या माणसाने माझ्यासमोर सही केली' याची ती साक्ष. म्हणून कुणाच्या हाती कागद पाठवून शिक्का मागवू नका. स्वतः जा, समोर सही करा, रजिस्टरमध्ये नोंद झाली का बघा. तुम्ही तिथे नव्हतातच, तर साक्ष कसली?